भिंतीकडचा खांदा

“उद्याच्या सभेत एकाचाही हात वर जाता कामा नये,” बावाशेठ म्हणाले, आणि त्यांनी स्वतःचा हात लांब करून बशीतला शेवटचा बटाटावडा उचलला.

आम्ही सगळे त्या वड्याकडे बघत राहिलो. बावाशेठ आमच्या पक्षाचे तालुकाध्यक्ष. खाडीपेठ नगरपरिषदेत तेव्हा आमच्या पक्षाची सत्ता होती आणि मी तिथली एक नगरसेविका होते. होते म्हणजे झाले होते. वॉर्ड महिलांसाठी राखीव निघाला आणि आमच्या ह्यांनी आधीच ठरवून ठेवलेल्या पत्रकावर फक्त फोटो बदलावा लागला. त्यांचं नाव माझ्या नावाच्या मधे सरकलं, एवढंच. सौ. उज्ज्वला प्रभाकर शिरधनकर. शिक्षण सातवी. ते मात्र पत्रकावर घातलं नाही.

“कारण विचारू का?” मी म्हटलं.

बावाशेठ वडा चावत होते. त्यांनी सरांकडे बघितलं. तुमची माणसं तुम्ही सांभाळा, असं ते बघणं.

सर म्हणजे तोडणकर सर, आमचे गटनेते. गावात सगळे त्यांना मास्तर म्हणायचे, पण मी त्यांच्या हाताखाली शिकलेली, त्यामुळे माझ्या तोंडी सरच. शाळेत ते पीटी घ्यायचे. आमच्या गटातले निम्मे नगरसेवक कधी ना कधी त्यांच्या शिट्टीवर धावलेले होते, आणि विरोधकांतलेही दोघंतिघं. निवृत्त झाल्यावर पक्षाने त्यांना उभं केलं ते त्याच भरवशावर. मास्तरांनी हात वर केला की गटाचा हात वर, आणि मास्तरांनी खाली ठेवला की खाली. सभागृहात आम्ही विषय वाचत नव्हतो, सरांचा हात वाचत होतो.

“कारण असं आहे, उजे,” सर खांदा चोळत म्हणाले. त्या वर्षी त्यांचा एक खांदा आखडला होता. “पक्षादेश आहे. पक्षादेशाला कारण नसतं.”

कारण होतं आणि खोलीतल्या प्रत्येकाला ते ठाऊक होतं. काही वर्षांपूर्वी कुठल्याशा मोठ्या शहरातल्या बॉम्बस्फोटाची बातमी आली तेव्हा आमच्या नगरपरिषदेने भारावून जाऊन एक ठराव केला होता. दहशतवादी हल्ल्यात आपल्या गावचं कुणी गेलं तर त्याच्या घरच्यांना भरपाई म्हणून नव्या मंडईतला एक गाळा द्यायचा. टाळ्या वाजवून एकमताने मंजूर झाला, कारण खाडीपेठेत बॉम्ब टाकायला कोण येणार? बॉम्ब आला नाही, पण आमचा माणूस बॉम्बाकडे गेला. हसन होडेकर. आखातातल्या एका शहरात बेकरीवर भट्टीवाला होता. सकाळच्या गर्दीत बेकरीच्या दारात कुणीतरी पिशवी ठेवून निघून गेलं.

त्याच्या बायकोने गाळा मागितला तेव्हा मुख्याधिकाऱ्यांनी ठराव वाचून दाखवला. त्यात परदेशाचा उल्लेख नव्हता. म्हणून विरोधी पक्षाच्या मुकादम वकिलांनी दुरुस्ती आणली होती, ‘देशात अथवा परदेशात’ एवढे तीन शब्द घालायची. आणि त्याच मंडईत रिकामा राहिलेला एकुलता एक गाळा, अगदी कोपऱ्यावरचा, बावाशेठच्या भाच्याला मोबाइलच्या दुकानासाठी हवा होता.

“परदेशातल्या माणसांची भरपाई आपण देत बसलो तर उद्या सगळं आखात आपल्या मंडईत येईल,” बावाशेठ म्हणाले. मग तेलकट बोट माझ्याकडे करून, पण सरांना उद्देशून म्हणाले, “आणि आदेश मोडला तर पद जातं, हे नव्या सभासदांना समजावून सांगा.”

सरांनी मान डोलावली. ती कशी डोलावली ते मला आजही आठवतं. ड्रिलमध्ये मोजणी करताना डोलवायचे तशी.

घरी येताना मी मुद्दामच मागच्या पाणंदीने आले, कारण पुढच्या रस्त्यावर होडेकरांचं अंगण लागतं. पण खैरू मागच्या पाणंदीतच उभी होती. खैरुन्निसा, हसनची बायको. मला ती माझ्यापेक्षा चांगली ओळखते.

आमचं दोघींचं मैत्र गिरणीतलं. आमच्या ह्यांची पिठाची गिरणी, आणि खैरू दळण घेऊन यायची. इतर बायका दळण टाकून जात, ती मात्र पिठात हात घालून बघायची आणि म्हणायची, शिरधनकरांनू, जरा जाडच झालंय. हे चिडायचे, पण गिरणीच्या दगडाला छिन्नीने टाकी लावायचे. हसन सुट्टीवर आला की घरामागच्या मातीच्या भट्टीत नानखटाया भाजायचा आणि सगळ्या आळीला वास जायचा. तो गेल्यावर महिनाभराने एका दुपारी तोच वास आला. मी धावत गेले, तर खैरू भट्टीपुढे बसलेली. पहिला घाणा करपला होता. ती म्हणाली, त्याला बघून बघून येत असेल असं वाटलं होतं गो, पण हाताला येत नाही. मग आम्ही दोघींनी मिळून तो करपलेला घाणा खाल्ला. पुढच्या सहा महिन्यांत तिच्या हाताला आलं, आणि आता त्या हाताला गाळा हवा होता. अंगणातून नानखटाई विकून घर चालत नव्हतं. दीर तिला माहेरी मुरूडला पाठवायचं बोलायला लागला होता. गाळा मिळाला तर ती राहणार होती, नाही मिळाला तर जाणार होती. इतकं सरळ होतं ते.

“काय ठरलं?” तिने विचारलं.

मी सांगितलं. ती थोडा वेळ कुंपणाच्या काटक्या सरळ करत राहिली.

“तिकडं मेला म्हणून तिकडचा,” ती म्हणाली. “मग मय्यत आणली तेव्हा तुमच्या नगराध्यक्षा हार घेऊन कशाला आल्या होत्या? कबर इथली चालते, मग माणूस इथला का चालत नाही?”

“मी हात वर करणार आहे,” मी म्हटलं. म्हणेपर्यंत मलाही ते माहीत नव्हतं.

“तू गप बस. तुझ्या एकीच्या हाताने काय होणार?”

“काही नाही होणार.”

“आणि तुझी खुर्ची जाईल.”

“जाईल.”

“मग आळीच्या नळाला पाणी कोण आणणार? तुझा नवरा?” ती म्हणाली, आणि आम्ही दोघी हसलो, कारण ह्यांनी पाच वर्षं नगरसेवक असताना आणलेला नळ अजून कोरडाच होता.

ह्यांना मी जेवताना सांगितलं. मला वाटलं होतं ताट सरकवतील. ते आमटी भुरकत म्हणाले, “तुझं पद गेलं तर त्या जागी दुसरी बाई येणार. मी तर येणार नाही. मग माझं काय नुकसान?” मग थोड्या वेळाने म्हणाले, “गिरणी चालू आहे.” आमच्या ह्यांच्या तोंडून याहून मोठं प्रेमाचं वाक्य मी ऐकलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सभागृहात आम्ही रोजच्या जागा घेतल्या. बाहेर व्हरांड्यात एक लांब बाक होता, त्यावर आम्हा नगरसेविकांचे नवरे बसायचे. गावात त्याला नवरेकट्टा म्हणत. आत पंख्याचा आवाज आणि बाहेर नवऱ्यांचा, यांच्यामधे आमचं कामकाज चालायचं.

सरांची खुर्ची पहिल्या रांगेत, अगदी टोकाला, भिंतीला लागून. खांदा आखडल्यापासून त्यांनी ती मागून घेतली होती, दुखरी बाजू भिंतीकडे गेली म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याचा धक्का लागायला नको. त्यांच्या शेजारी मी. ही बसण्याची व्यवस्था मला आवडायची, कारण सर शेजारी असले की शाळेत असल्यासारखं वाटायचं. शाळेतले बाकी दिवस काही आठवावेत असे नव्हते, पण पीटीचा तास होता. मला डावं-उजवं कधीच कळलं नाही. आजही कुणी डावीकडे वळा म्हटलं की मी आधी मनगटातलं घड्याळ बघते. ड्रिलमध्ये ‘दाहिने मूड’ म्हटलं की सगळ्या मुली एकीकडे आणि मी दुसरीकडे. मुली फिदीफिदी हसायला लागायच्या आत सर शिट्टी मारायचे आणि म्हणायचे, “अरे, माझंच चुकलं. मला बाये मूड म्हणायचं होतं. सगळ्या बाये वळा.” मग सगळी रांग माझ्या बाजूला वळायची. आम्हा मुलींचं ठाम मत होतं की सरांनाच डावं-उजवं कळत नाही. मला त्यामुळे त्यांच्याबद्दल फार आपुलकी वाटायची. आपल्यासारखं कुणीतरी आहे, आणि तरीही त्याला नोकरी आहे.

विषय शेवटून दुसरा होता. मुकादम वकील बोलायला उठले आणि चांगलं बोलले. एवढंच म्हणाले की, माणूस कुठे मेला हे पालिका का बघते, कुठून गेला होता ते बघा. आमच्या बाजूने उपाध्यक्षांनी बावाशेठचंच वाक्य जरा नीटनेटकं करून म्हटलं. सगळं आखात मंडईत येण्याचा उल्लेख त्यातही होता. प्रेक्षकांच्या बाकावर बावाशेठचा भाचा बसला होता. त्याने केस ओले करून विंचरले होते. खैरू आली नव्हती. ती म्हणाली होती, मला बघून तुला जोर येईल आणि तू वेडेपणा करशील.

मी मांडीवरची पर्स उचलून पायाशी ठेवली.

“पर्स का खाली ठेवलीस?” सरांनी कागदातून मान वर न करता विचारलं.

“जड झाली.”

“हं,” सर म्हणाले.

नगराध्यक्षा वाकडेबाईंनी विषय मताला टाकला. त्यांचं वाक्य ठरलेलं असायचं, आणि त्या ते नेहमी खिडकीबाहेर बघत म्हणायच्या. “दुरुस्तीला अनुकूल असणाऱ्यांनी हात वर करावेत.”

समोरच्या बाकांवर मुकादमांचा हात गेला. त्यांच्या चारसहा माणसांचे गेले. आमच्याकडे इतकी शांतता की व्हरांड्यात कुणीतरी तंबाखू मळून थाप मारली ती ऐकू आली. माझा हात मांडीवरून सुटला. मला वाटत होतं तो खूप जड असेल, पण तो हलका होता. हाच तो माझ्या आयुष्यातला एकुलता एक शूरपणा, असं काहीतरी माझ्या मनात आलंही, आणि तेवढ्यात माझ्या नाकाजवळून काहीतरी झपकन वर गेलं. माझा चष्मा वाचला. सरांचा कोपर होता तो.

सरांचा हात सरळ वर होता. बोटं जुळलेली, तळवा पुढे. पीटीतल्यासारखा.

मग जे झालं ते सवयीने झालं. मागच्या रांगेतल्या बायकांनी सरांचा हात बघितला आणि हात वर केले. त्यांना बघून पुरुषांनी केले. उपाध्यक्षांनी, जे आत्ताच विरोधात बोलून खाली बसले होते, अर्धा हात वर केला, इकडेतिकडे बघितलं आणि मग पूर्ण वर केला. वाकडेबाईंनी खिडकीतून नजर आत घेतली, सगळं सभागृह हात वर करून बसलेलं बघितलं आणि गोंधळून स्वतःचाही हात वर केला. माझा हात त्या सगळ्या हातांमधे कुठेतरी होता. मुख्याधिकारी उभे राहून मोजायला लागले आणि मग मोजणं सोडून त्यांनी लिहिलं, एकमताने मंजूर.

“आई गं,” सर एकदम कळवळले आणि हात खाली घेऊन खांदा दाबून बसले. “आखडलाय मेला. डॉक्टर म्हणालेत मधून मधून वर ताणत जा.” ते वाकडेबाईंकडे वळून म्हणाले, “बाई, काय झालं? मताला टाकलंत की काय?”

विरोधी बाकांवरून मुकादम वकिलांनी असा काही खोकला काढला की त्यांना पाणी द्यावं लागलं. उपाध्यक्ष म्हणाले, फेरमतदान घ्या. मुख्याधिकारी म्हणाले, अध्यक्षांनी जाहीर केलं. वाकडेबाई म्हणाल्या, मी जाहीर केलं का? मुख्याधिकारी म्हणाले, आपण हात वर केलात. भाचा बाहेर निघून गेला.

बाहेर नवरेकट्ट्यावर बातमी पोचली ती शिपायाच्या तोंडून, चार शब्दांत. मास्तरांनी हात वर केले. आमचे हे सायकल घेऊन जे निघाले ते थेट खैरूच्या दारात, आणि तेच चार शब्द त्यांनी तिला सांगितले. मी तासाभराने उड्या मारत घरी आले, तर खैरू आमच्या पडवीत बसून ह्यांना मुरूडच्या एसटीच्या वेळा विचारत होती.

“असू दे गो,” ती मला म्हणाली. “त्यांनी तरी काय करावं. हात वर केले तर केले.”

मला कळेना. मग कळलं, आणि मी ह्यांच्याकडे वळले. “केले नाहीत हो. केला. एक हात.”

“तेच सांगितलं मी.”

“तुम्ही सांगितलंत की त्यांनी अंग काढून घेतलं.”

हे विचारात पडले. “शिपायाने तसंच सांगितलं,” ते म्हणाले. “एक का दोन ते मी कुठे विचारलं?”

खैरू आधी हसली, मग रडली, मग उठून भट्टी पेटवायला गेली.

गावाला पुढे कितीतरी वर्षं तो एक विनोद पुरला. कुणी अडचणीत आला की म्हणायचा, मास्तरांचा खांदा आखडला. स्थानिक साप्ताहिकाने ठळक टाइपात छापलं, ‘तोडणकर मास्तरांनी हात वर केले’, आणि ज्याला जसं वाचायचं तसं त्याने वाचलं. बावाशेठने सरांना बोलावून घेतलं. काय बोलणं झालं ते कळलं नाही, पण बाहेर आलेल्यांनी सांगितलं की मास्तर सगळा वेळ, चूक झाली, चूक झाली, एवढंच म्हणत होते. पुढच्या निवडणुकीत त्यांना तिकीट मिळालं नाही. सभागृहात डुलकी लागून चुकीच्या वेळी हात वर करणारा म्हातारा, अशी त्यांची ख्याती झाली. मला मात्र तिकीट मिळालं. मी आणखी एकदा निवडून आले आणि नळाला पाणी आणलं.

आणि खैरूला गाळा मिळाला. कोपऱ्यावरचा. पाटीवर तिने ‘हसन बेकरी’ लिहून घेतलं आणि खाली बारीक अक्षरात, नानखटाई, खारी, टोस्ट. दर शुक्रवारी नानखटाईचा पहिला डबा ती सरांच्या घरी पाठवायची. पहिल्यांदा त्यांनी तो परत पाठवला. निरोप आला, मी काही तुमच्यासाठी केलं नाही, चुकून झालं. खैरूने डबा पुन्हा पाठवला आणि उलट निरोप दिला, चुकून केलंत तर चुकून खा.

नंतर परत आला नाही.

मधे वीसेक वर्षं गेली. हे गेले, बावाशेठ गेले, भाचा आता दुसऱ्या पक्षातून उपाध्यक्ष आहे आणि त्याला खैरूचे टोस्ट आवडतात. मी रोज दुपारी गाळ्यात जाऊन बसते. गिरणीवाल्याची बायको असल्याने मैदा बघायचं काम माझ्याकडे आहे, असं मीच ठरवलं आहे.

गेल्या थंडीतली गोष्ट. सर आले होते. आता ते काठी घेऊन येतात आणि आत येऊन टोकाच्या खुर्चीवर, भिंतीला लागून बसतात. खैरूने त्यांच्यापुढे चहा ठेवला. त्यांनी टोस्ट बुडवायला कप उचलला आणि मधेच थांबून भिंतीकडचा खांदा चोळायला लागले.

“अजून दुखतो?” मी विचारलं.

“थंडीत. हा काही सुटला नाही कधी. हात वर जातच नाही, खांद्याच्या वर तर नाहीच.”

“मग कपाटातलं काही काढायचं तर?”

“हा आहे की,” ते म्हणाले आणि त्यांनी दुसरा हात, माझ्या बाजूचा, सरळ वर करून खैरूच्या फळीवरची बरणी काढली. बोटं जुळलेली होती.

मला डावं-उजवं कळत नाही. पण भिंतीकडचा आणि माझ्याकडचा, एवढं कळतं. मी त्या हाताकडे बघत बसले. नगरपरिषदेतली ती दुपार, पंखा, तंबाखूची थाप, माझा थोडक्यात वाचलेला चष्मा. चष्मा माझा. भिंतीचा नव्हे.

“सर,” मी म्हटलं, “तेव्हा दुखरा खांदा भिंतीकडे होता.”

“होय.”

“आणि वर गेला तो हा हात.”

सरांनी बरणीचं झाकण उघडलं, एक नानखटाई घेतली, झाकण लावलं. खैरू पलीकडे गिऱ्हाईकाशी बोलत होती. ते तिच्याकडे बघत म्हणाले, “वीस वर्षं लागली तुला. शाळेतही असाच वेळ लागायचा.”

“पण मग तसं सांगायचं होतंत. गाव हसलं तुम्हाला.”

“सांगितलं असतं तर ते मत झालं असतं. मताला बावाशेठकडे उपाय होता, चुकीला नव्हता.” त्यांनी नानखटाईचा तुकडा मोडला. “तू एकटीने वर केला असतास तर तुझं पद गेलं असतं, आणि दुरुस्तीही पडली असती. एकीला काढता येतं, उजे. सगळ्यांना काढलं तर पालिकाच जाते हातची. ड्रिलमध्ये एक पोर दुसऱ्या बाजूला वळलं की ते उघडं पडतं. मग काय करायचं? सगळी रांग तिकडे वळवायची आणि माझं चुकलं म्हणायचं.”

मला एकदम शाळेचं मैदान दिसलं, आणि माझ्या बाजूला वळलेली ती सगळी रांग.

“मी वर करणार हे तुम्हाला कसं कळलं?” मी शेवटी विचारलं.

“पर्स खाली ठेवलीस ना.” सरांनी चहा संपवला, काठी शोधली आणि उठता उठता माझ्याकडे बघून हसले. “आणि तेव्हाही डावाच वर करत होतीस.”